करडईचा उतारा घटला: संजीवक फवारून दाण्यातलं तेल वाढतं का?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर जिल्हा, भारी काळी जमीन, करडई परभणी-१२. सोयाबीन उशिरा निघालं, त्यामुळे पेर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. पेरताना एकरी २५ किलो डीएपी, महिन्याने कोळपून ४५ किलोची एक गोणी युरिया. पाणी दोन: पहिलं साधारण ३५ दिवसांनी, दुसरं फुलं लागताना. मावा आला, पण आटोक्यात राहिला.

एक्सपेलरला (तेल गाळायच्या मशीनला) १०० किलो बी टाकलं तर २२ लिटर तेल निघालं. त्याच मशीनवर मागच्या हंगामात २५ निघालं होतं. तेव्हाची पेर दसऱ्याच्या आधीची होती, वाण तोच.

दुकानदाराचं म्हणणं, पुढच्या वर्षी फुलोऱ्यात एनएए आणि जिबरेलिक आम्ल ही दोन संजीवकं एकत्र मारा, तेल दोन टक्के वाढेल. आणखी एक वाचलं की ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक दाण्याला तेल साठवायला लावतं. मग तेच का फवारू नये? की घट दुसऱ्याच कशामुळे आहे? जाणकारांनी सांगावं.

पेंडवाला
दादा, औषधाकडे जाण्याआधी मोजमाप नीट करा. लिटर आणि किलो वेगळे. तेलाची घनता ०.९२ धरा, म्हणजे २२ लिटर = २०.२ किलो आणि २५ लिटर = २३ किलो. शेजारचा "२२ पडलं" म्हणतो तेव्हा तो कशात बोलतोय ते आधी विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

दुसरं, मशीनखाली पडलेलं तेल म्हणजे दाण्यातलं तेल नव्हे. पेंडीत किती राहिलं ते कळल्याशिवाय दाण्याला दोष देता येत नाही. हिशोब असा: १०० किलो बियातून २०.२ किलो तेल, उरली ७९.८ किलो पेंड. पेंडीत १४ टक्के तेल असेल तर ११.२ किलो तिथेच अडकलं, म्हणजे बियात एकूण ३१.४ टक्के होतं. करडईला ते उत्तमच म्हणायचं, दोष मशीनचा. पण पेंडीत ८ टक्केच निघालं तर बियात २६.६ टक्के, म्हणजे दाणाच कमी तेलाचा. एकाच २२ लिटरचे हे दोन अगदी उलटे अर्थ.

तेव्हा पेंडीचा अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्या. एकाच ठिकाणची मूठ उचलू नका. मशीन तापल्यानंतर थोड्या थोड्या वेळाने चार-पाचदा घेऊन मिसळा, कारण सुरुवातीच्या पेंडीत नेहमी जास्त तेल राहतं. बियाचाही नमुना द्या आणि अहवालात "कोरड्या वजनावर" आहे की "आहे त्या ओलाव्यावर" ते बघा. कोरड्या वजनावर ३० टक्के असलेलं बी ८ टक्के ओलाव्यावर २७.६ दाखवतं. हा फरक न बघता दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की नसलेली घट दिसते.

बीजपेशी
पेंडवाला यांचं बरोबर, आधी पेंड तपासा. संप्रेरकाचं मात्र मी लिहितो, कारण दुकानदाराने सांगितलेली जोडी ज्या कामासाठी सांगितली त्याच्या उलट्या दिशेची आहे.

दाण्यात तेल कुठून येतं? पान साखर बनवतं, ती सुक्रोजच्या रूपात बोंडात येते. गर्भाच्या पेशीत तिचं ॲसिटिल-कोए होतं, प्लास्टिड नावाच्या पेशीतल्या कप्प्यात त्यापासून मेदाम्लं बनतात, मग तीन मेदाम्लं एका ग्लिसरॉलवर चढून तेलाचा रेणू तयार होतो. हे तेल ओलिओसिन प्रथिनाचं आवरण असलेल्या थेंबांत साठतं. करडईत हे काम फूल उमलल्यानंतर साधारण दहाव्या दिवसापासून जोर धरतं आणि पंचविशीपर्यंत बहुतेक उरकतं. त्याआधीचे दिवस टरफल बांधण्यात जातात. हे टरफलाचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता संप्रेरकं. ॲब्सिसिक आम्लाबद्दल तुम्ही वाचलेलं खरं आहे. दाणा भरण्याच्या टप्प्यात गर्भात त्याचं प्रमाण चढतं आणि साठवणीची जनुकं चालू ठेवायला ते मदत करतं. मोहरीवर्गात हे चांगलं अभ्यासलेलं आहे. त्याच्याबरोबर काही नियंत्रक जनुकं काम करतात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात 'रिंकल्ड-१' नावाचं जनुक निकामी असलं की बियातलं तेल सुमारे ८० टक्क्यांनी घटतं, एवढा त्यांचा वचक. जिबरेलिकचा स्वभाव याच्या उलट. बी उगवताना साठा फोडून वापरायला काढणं हे त्याचं काम. त्यामुळे "तेल साठावं म्हणून जिबरेलिक" या म्हणण्याला शास्त्राचा आधार नाही. एनएए हे ऑक्झिन गटातलं संप्रेरक. फूल-फळ गळ कमी करणं, दाणे जास्त धरणं, इतपत त्याचा उपयोग. दाण्यात किती टक्के तेल बसेल हे ते ठरवत नाही.

मग ॲब्सिसिकच का मारू नये? एक तर पानावर पडलेलं ॲब्सिसिक पानावरच काम करतं: पर्णरंध्रं मिटतात, पान साखर कमी बनवतं. जिथे ते हवं, त्या गर्भात ते पुरेसं पोहोचत नाही. दुसरं, उन्हात ते लवकर निकामी होतं. तिसरं, महाग आहे. द्राक्षाच्या रंगासाठी ते वापरतात, कारण तिथे थेट घडावरच फवारता येतं आणि मालाचा भावही तसा असतो. करडईच्या भावात ते बसत नाही.

थोडक्यात, गर्भ आपल्यापुरतं ॲब्सिसिक स्वतः बनवतो. कमी पडते ती साखर आणि वेळ.

कोरडवाहू
घट उशिराच्या पेरीची वाटते. मराठवाड्यात जिरायती करडई सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढ्यात पडावी. पाणी असेल तर ऑक्टोबरअखेरपर्यंत ओढता येते. नोव्हेंबर म्हणजे फुलोरा फेब्रुवारीत आणि दाणा भरणार फेब्रुवारीअखेर ते मार्चात, पारा ३५ च्या वर असताना. वेळेवरच्या पिकाचा दाणा जानेवारीत थंडीत भरतो. उष्णतेत भरण्याचे दिवस कमी होतात, रात्री गरम असल्या की दिवसा बनलेल्या साखरेतली बरीच श्वसनात जळते, आणि माव्याचाही जोर उशिराच्या पिकावरच जास्त. तुमचा मावा आटोक्यात राहिला म्हणता, पण माव्याने सोडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढली असेल तर पानं तेवढी कमीच कमावतात.

खताचं बघा. डीएपीत गंधक अजिबात नाही. तेलाच्या कारखान्यात कोएन्झाइम-ए, बायोटिन हे सगळे गंधकवाले. स्फुरद तेवढाच ठेवून खत बदललं तरी गंधक फुकट मिळतं. हेक्टरी २५ किलो स्फुरद डीएपीतून द्यायला ५४ किलो डीएपी लागतं आणि गंधक शून्य. तोच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्यायला सुमारे १५६ किलो लागतं, त्यात ११ टक्क्यांनी १७ किलो गंधक येतं. एकराला ६२ किलो सुपर, ७ किलो गंधक. पोती जास्त उचलावी लागतात हा एकच त्रास. माती परीक्षणात उपलब्ध गंधक १० पीपीएमच्या (किलो मातीत १० मिलिग्रॅमच्या) खाली असेल तर एवढ्यावर भागवू नका, हेक्टरी २५-३० किलोपर्यंत न्या.

९० टक्क्यांचं बेंटोनाइट गंधक पेरताना टाकून रब्बीत फायदा शोधू नका. मूळ गंधक मातीतल्या जिवाणूंनी सल्फेट केल्याशिवाय पिकाला घेता येत नाही, आणि त्याला ओल आणि काही आठवडे लागतात. ते टाकायचं तर पावसाची ओल असताना शेवटच्या पाळीबरोबर. जिप्सम चालतं, ते आधीच सल्फेट आहे.

युरिया मात्र तुमचा जास्त झाला. जिरायती करडईला हेक्टरी ५० नत्र, म्हणजे एकरी २०. तुमचं डीएपीतून ४.५ आणि गोणीतून २०.७ मिळून २५ च्या वर गेलं, तेही निम्म्याहून जास्त उशिरा. दाण्यात प्रथिन आणि तेल एकाच साखरेवर जगतात, नत्र वाढलं की पारडं प्रथिनाकडे झुकतं. कोरडवाहूत नत्र सगळं पेरतानाच, दोन चाड्याच्या (बी आणि खत वेगळं सोडणाऱ्या) पाभरीने बियाच्या खाली पडेल असं द्यावं. वरून फेकलेला युरिया कोरड्या मातीत पडून राहतो.

पाणी: भारी जमिनीत फांद्या फुटताना एक संरक्षित पाणी पुरतं, आणि ते भेगा पडायच्या आत. भेगा पडल्यावर पाणी खाली धावतं, सऱ्या तुडुंब होतात, आणि करडईच्या मुळाला साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही. फुलोऱ्यात पाट मोकळा सोडला तर मर रोग लागायचाच.

मांजराकाठ
सर्वांचे आभार. पेंडीचा अहवाल आला: ८ टक्के. म्हणजे पेंडवाल्या दादांच्या हिशोबाने बियात २६.६.

बीजपेशी सर, एक शंका. पाण्याचा ताण पडला की झाडात ॲब्सिसिक वाढतं असं वाचलं. मग शेवटी पाणी तोडून थोडा ताण दिला तर तेल वाढायला हवं ना? आणि टरफलाचं लक्षात ठेवा म्हणालात, ते कशासाठी?

बीजपेशी
दोन्हीचं उत्तर एकच निघतं.

करडईचं तेल गरात असतं, टरफलात नाहीच्या बरोबर. गरात ५५ टक्के तेल धरा. दाण्याच्या वजनात गर ५५ टक्के असेल तर बियात ३०.२ टक्के तेल. गर ४९ टक्क्यांवर आला तर २७. गरातलं तेल तेवढंच, तरी बियाचं तीन टक्के गेलं. टरफल आधी बांधून होतं, गर नंतर भरतो. त्यामुळे फुलोऱ्यानंतर जो काही मार बसतो, उष्णता असो, ताण असो, मावा असो, तो गरालाच बसतो. टरफलाचं वजन ठरलेलं राहतं आणि टक्का घसरतो.

ताणात ॲब्सिसिक वाढतं हे खरं, पण त्याच वेळी रंध्रं मिटून साखर थांबते आणि पानं लवकर पिवळी पडतात. हुकूम आला आणि मालच नाही, अशी गत. ताण द्यायचाच तर दाणा भरून झाल्यावर, पक्वतेला, आणि तेव्हा पाणी तसंही कोणी देत नाही.

घरी तपासून बघा. बियाच्या राशीतून न निवडता २० ग्रॅम मोजा. तीन-चार तास पाण्यात भिजवा म्हणजे टरफल सुटायला सोपं जातं. सोलून गर आणि टरफल वेगळे, दोन्ही कडक वाळवा, मग तोला. ओलं तोललं तर आकडा चुकतो, कारण दोघांत पाणी सारखं शिरत नाही. सोलताना पोचट निघालेले दाणे फेकू नका, त्यांचं टरफलही टरफलाच्याच बाजूला धरा. शिवाय १०० दाण्यांचं वजन घ्या. वाणाप्रमाणे साडेतीन ते सहा ग्रॅम भरतं, म्हणून फक्त स्वतःच्याच वाणाच्या जुन्या बियाशी तुलना करा.

पंप१५लिटर
संजीवकांना सरसकट निकाली काढू नका हो. टक्का आणि एकरी तेल या दोन गोष्टी आहेत. एकरी ४ क्विंटल ३० टक्क्यांनी म्हणजे १२० किलो तेल. ५ क्विंटल २९ टक्क्यांनी म्हणजे १४५. टक्का घटला तरी घरात तेल जास्त आलं. बोंडात दाणे जास्त धरले तर फायदाच. बागायतात, नत्र भरपूर असताना पीक नुसतं उंच चाललं असेल, तर क्लोरमेक्वाट क्लोराइड फुलोऱ्याआधी मारून वाढ रोखणं आणि फांद्यांकडे वळवणं याला अर्थ आहे. ते झाडातलं जिबरेलिन बनणंच अडवतं. म्हणूनच क्लोरमेक्वाट आणि पुढच्या आठवड्यात जिबरेलिक असं मारणारे बघितले की हसू येतं.

पण मात्रा नीट काढा, फसगत इथेच आहे. १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम सक्रिय घटक. एनएए ४.५ टक्के द्रावणात मिलीला ४५ मिलिग्रॅम असतं. २० पीपीएमसाठी लिटरला ०.४४ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ६.७ मिली. झाकणाने अंदाजे ओतायचं काम नाही, सिरिंज घ्या. दुप्पट-तिप्पट झालं की पानं खाली वळतात, शेंडे मुरडतात, आणि लोक त्याला व्हायरस समजून आणखी एक फवारणी करतात. क्लोरमेक्वाट ५० टक्क्यांचं असेल तर ५०० पीपीएमला लिटरला १ मिली.

आता जिबरेलिकची ०.००१ टक्क्याची बाटली. ती बाटलीच मुळात १० पीपीएमची. त्यातले ३० मिली पंपात टाकले तर फवाऱ्यात ०.०२ पीपीएम उतरतं. त्यावर दोन टक्के तेलाचा दावा करणाऱ्याला हा हिशोब मांडून दाखवा.

लेबल वाचा. संजीवकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात, बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि पिकाचं नाव हवं. करडईचं नाव नसेल तर ती शिफारस दुकानदाराची, लेबलाची नव्हे. "टॉनिक" म्हणून विकली जाणारी जैव-उत्तेजकं २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, त्यांच्यावरही तसा उल्लेख हवा. दोन्ही नसेल तर बाटली परत. आणि फुलोऱ्यात सकाळी मधमाश्या असताना काहीच फवारू नका, संध्याकाळी फवारा.

बीजपेशी
एकरी तेलाचा मुद्दा मान्य. एक पुरवणी जोडतो. दाणे जास्त धरले आणि साखर तेवढीच राहिली तर प्रत्येक दाणा बारीक होतो, गर कमी, टक्का खाली. म्हणून दाणे वाढवणारी फवारणी पाणी आणि पानं शाबूत असलेल्या पिकातच पैसे देते. मार्चात भरणाऱ्या जिरायती पिकात ती उलटते. ५ क्विंटल २९ टक्क्यांनी येईल की ४.२ क्विंटल २६ टक्क्यांनी, हे बाटली ठरवत नाही.

मांजराकाठ
सोलून बघितलं. गर ४९ टक्के. मागच्या हंगामातलं थोडं बियाणं शिल्लक होतं, त्यात ५४. पोचट दाणे यंदा डोळ्यांनाही जास्त दिसतात, विशेषतः वरच्या, उशिरा फुललेल्या फांद्यांच्या बोंडांत.

तरी एनएए एकदा करून बघावं असं वाटतंय. कसं करू म्हणजे खरं-खोटं कळेल? आणि सोयाबीन पुढच्या हंगामातही उशिरा निघालं तर?

कोरडवाहू
गर ५४ वरून ४९, हे तुमचं उत्तर. पेंडीत ८ टक्के म्हणजे मशीन तर चोख आहे.

सोयाबीनचं कमी दिवसांचं वाण घ्या, करडईची पेर तिथूनच वाचते. सोयाबीन काढल्यावर नांगरू नका. ओल उडते, आठवडा जातो. एक वखरपाळी आणि लगेच पेर, ४५ सेंटिमीटरवर, हेक्टरी १० ते १२ किलो बी, नंतर विरळणी करून दोन रोपांत २० सेंटिमीटर. दाटी राहिली तर बाजूच्या फांद्या उशिरा फुलतात आणि त्यांचीच बोंडं पोचट निघतात. ऑक्टोबर संपेपर्यंत पेर पडली नाही आणि पाणी नसेल तर त्या तुकड्यात हरभरा केलेला बरा.

पंप१५लिटर
प्रयोग असा करा. शेताच्या मधल्या भागात सारख्या जमिनीच्या सहा पट्ट्या आखा, प्रत्येकीत सहा ओळी. एक सोडून एक एनएए २० पीपीएम, उरलेल्या तीनवर त्याच दिवशी त्याच पंपाने नुसतं पाणी. पंप आधी पाण्याच्या पट्ट्यांना वापरा, नंतर औषधाच्या. फवारणी बोंडं दिसू लागली की. कापणीला प्रत्येक पट्टीच्या फक्त मधल्या दोन ओळी घ्या, कडेच्या ओळींवर वाऱ्याने शेजारचं उडालेलं असतं. सहा पोती वेगळी, प्रत्येकाचं वजन, १०० दाण्यांचं वजन, गराचा टक्का. औषधाच्या तिन्ही पट्ट्या पाण्याच्या तिन्हींपेक्षा वर असतील तरच पुढे पैसे घाला. एक वर, दोन खाली असं आलं तर तो जमिनीतला फरक.

पेंडवाला
दोन गोष्टी राहिल्या. काढणी पानं आणि बोंडाभोवतीची काटेरी पानं तपकिरी झाल्यावर, दाणा पांढरा आणि कडक. हिरवट असताना काढलं तर तेल हिरवं उतरतं आणि आंबटपणा, म्हणजे मुक्त मेदाम्लं, जास्त येतात. पहाटे काढा, दवाने काटे नरम असतात. उभ्या पिकावर पाऊस आला तर लांबवू नका, करडईला सुप्तावस्था नसल्यात जमा, बोंडातच मोड येतात आणि मोड आलेला दाणा स्वतःचंच तेल खातो. साठवताना ओलावा ८ टक्क्यांच्या आत.

आणि पुढच्या खेपेला मशीनला बी घालाल तेव्हा दोन्ही हंगामांचं मिसळू नका. यंदाच्या बियात टरफल जास्त, त्याला जमेल असा दाब गराच्या बियाला लावला तर पेंड मऊ पडून तेल मागे राहतं. वेगळं घाला, आणि निघालेलं तेल किलोतच तोला.